‘ण’ असलेलं नाव : दत्तक मुलगी घरी येण्याआधीची चौदा महिन्यांची तयारी

पहिल्याच व्हिडिओ-भेटीत त्या नवरा-बायकोने मला येणाऱ्या मुलासाठीची खोली दाखवली. ती फोन हातात धरून पुढे, तो मागून दिवे लावत. भिंतींना फिकट जांभळा रंग, खिडकीपाशी बुटकं टेबल, पलंगावर पऱ्यांची चादर. “तीन शनिवार-रविवार खपलोय,” तो म्हणाला. त्या दिवशी त्यांच्या हातात होम स्टडीचा, म्हणजे दत्तकाआधी होणाऱ्या घराच्या आणि कुटुंबाच्या पाहणीच्या अहवालाचा, नुसता मसुदा होता. मूल कोणतं, किती वर्षांचं, कुठल्या संस्थेतलं, काहीच ठरलेलं नव्हतं. खोली मात्र तयार होती.

मी पुण्यात दत्तक-समुपदेशनाचं काम करते. दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना कागदपत्रांत मदत करणारे बरेच जण भेटतात. घरातल्या माणसांची तयारी करून घेणारे कमी असतात, आणि माझं काम ते आहे. हे प्रकरण लिहायला कुटुंबाने परवानगी दिली आहे. मुलीची ओळख जपायची म्हणून नाव कुणाचंच दिलेलं नाही आणि गाव, संस्था यांचे तपशील गाळले आहेत.

नवरा ४४ वर्षांचा, मूळचा पुण्याचा. बायको ४१ वर्षांची, सांगलीची. दोघं अठरा वर्षांपासून अमेरिकेत, आता मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसजवळ राहतात. दोघांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे. मुलगा बारा वर्षांचा, तिथेच जन्मलेला. त्याच्यानंतर दोनदा गर्भपात झाला आणि मग त्यांनी दत्तकाचा विचार सुरू केला. त्या दोन गर्भपातांबद्दल मी पहिल्या दोन भेटींत बरंच विचारलं. ते दुःख पुरतं वाहून गेलेलं नसेल तर येणाऱ्या मुलाला नकळत न जन्मलेल्या बाळाच्या जागी बसवलं जातं. बायको त्यावर मोकळेपणी बोलली, नवरा तितका नाही. पण या घरातला खरा अडथळा तो नव्हता.

अडथळा एका वाक्यात होता आणि ते वाक्य नवऱ्याने पहिल्या तासात तीनदा उच्चारलं : “मराठी मूल मराठी घरात येणार, मग अडचण कसली?”

कागदांचा रस्ता

आधी कागदांबद्दल, कारण कुटुंबाचा सगळा जीव वर्षभर त्यातच अडकलेला असतो.

परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांबाबत भारतात नियम घालून दिले ते सर्वोच्च न्यायालयाने. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सुरू झालेल्या खटल्यात १९८४ साली न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. पुढे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकांसाठीचा १९९३ चा हेग करार आला. भारतात तो १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून. आज हा कारभार २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीखाली चालतो. वर देखरेख ‘कारा’ची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची.

या दोघांना थेट भारतातल्या संस्थेकडे जाता येत नव्हतं. ‘कारा’ने मान्यता दिलेल्या अमेरिकेतल्या दत्तक संस्थेमार्फतच नोंदणी. अमेरिकेच्या बाजूने बोटांचे ठसे, पगाराचे, आरोग्याचे, पोलिसांचे कागद आणि किमान दहा तासांचं पालक-प्रशिक्षण. भारताच्या बाजूने वयाची अट : चार ते आठ वर्षांचं मूल हवं असेल तर जोडप्याच्या वयांची बेरीज शंभराच्या आत. यांची ८५ भरत होती. परदेशातून दत्तक घेणाऱ्यांसाठी मुलाच्या संगोपनाचं ठरलेलं शुल्क ५,००० डॉलर, आणि त्यापलीकडे देणगी म्हणून संस्थेने एक रुपयाही घ्यायचा नाही. हा नियम मी प्रत्येक कुटुंबाला दोनदा सांगते. ‘खुशीने देतोय’ म्हणून पुढे केलेलं पाकीट पुढच्या कुटुंबासाठी दर बनतं.

कायद्यानुसार मूल आधी देशातल्या आणि अनिवासी भारतीय पालकांसमोर ठेवलं जातं. तिथे घर मिळालं नाही तरच ते परदेशासाठी मोकळं होतं. म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलांत पाच वर्षांवरची, भावंडांच्या जोड्या आणि आजार किंवा व्यंग असलेली मुलं जास्त असतात. २०२३-२४ मध्ये देशात ४,००९ मुलं कायदेशीर दत्तक गेली, त्यांतली परदेशी गेलेली ४४९.

या नवरा-बायकोने अर्जात लिहिलं होतं : पाच ते सात वर्षं, मुलगी चालेल, मुलगा चालेल, शस्त्रक्रियेने सुधारण्याजोगं व्यंग चालेल. शेवटचा चौकोन भरण्याआधी बायकोने रात्री दोन वाजता मला निरोप पाठवला होता, “आपण ‘चालेल’ हा शब्द वापरतोय, भाजी घेतल्यासारखा.” त्या निरोपावरून मला वाटलं, या घरात मूल रुजेल.

मुलगी आणि तिचं कात्रण

२०२३ च्या ऑगस्टमध्ये फाइल आली. सहा वर्षांची मुलगी, मराठवाड्यातल्या एका संस्थेत वाढलेली. साधारण तीन आठवड्यांची असताना सापडली. ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षात झाली, टाळूची त्यानंतर. बोलणं नाकातून येतं, वजन वयाच्या मानाने कमी. बाकी प्रकृती ठीक.

ती बाळ असतानाच कायद्याने दत्तकासाठी मुक्त झाली होती, तरी सहा वर्षं तिथेच. देशातल्या पालकांना तिची माहिती दाखवली गेली होती. संस्थेतल्या समाजसेविका ताई एवढंच म्हणाल्या, “फोटो बघतात आणि थांबतात.” शिवलेल्या ओठाची ती रेघ आज बोटभर अंतरावरून पाहिली तरच दिसते. तरीही थांबतात. हे मला अजून पचत नाही.

मिनेसोटा विद्यापीठात परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी १९८६ पासून चालणारं क्लिनिक आहे, त्या प्रकारचं अमेरिकेतलं पहिलं. असा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून फाइल वाचून घ्या, असं मी सुचवलं. अशा डॉक्टरांना आकड्यांमागचं मूल दिसतं. संस्थेत वाढलेल्या मुलांची उंची साधारण दर तीन महिन्यांमागे एका महिन्याने मागे पडते, आणि घर मिळाल्यावर त्यातली बरीच भरून निघते, हे त्यांना पाठ असतं. डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. एक, कानांची तपासणी कधी झाली? टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. दुसरी, पाणी पिताना नाकातून येतं का?

फाइलमध्ये दोन्हींचं उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर संस्थेतल्या मावशींना माहीत होतं. “ती ताक पीत नाही. पाणी पिते ते घोट-घोट, मान थोडी वर करून. लोकांना वाटतं नखरे करते.” टाळूत शिवणीपाशी बारीक छिद्र राहिलं असावं, असा डॉक्टरांनी अंदाज केला आणि पुढे तो खरा निघाला. सहा वर्षांत कुठल्याच तपासणीत न आलेली गोष्ट मावशींनी रोज पाहिली होती. तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाला सांगते : डॉक्टरांचा अहवाल वाचाच, पण मूल जेवतं-झोपतं कसं हे जिला ठाऊक आहे तिच्याशी बोलल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

फाइलच्या शेवटी वर्तमानपत्राचं कात्रण होतं. टाकून दिलेलं मूल सापडलं की पालकांचा शोध लागावा म्हणून फोटोसह जाहिरात द्यावी लागते. जिल्ह्याच्या पानावर, एका बाजूला निविदा सूचना, दुसऱ्या बाजूला पिकअप गाडीच्या लिलावाची जाहिरात, आणि मधे बोटाच्या दोन पेरांएवढा फोटो : दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं, फाटल्या ओठाचं बाळ. शस्त्रक्रियेआधीचा तिचा हा एकच फोटो.

नवऱ्याचं म्हणणं होतं की हे तिला कधीच दाखवू नये. मी म्हटलं, मूळ कात्रण जपून ठेवा, तिच्या जीवनपुस्तिकेत, म्हणजे तिच्या आधीच्या आयुष्याचे फोटो लावलेल्या वहीत, त्याची स्वच्छ प्रत लावा, आणि ती मागेल तेव्हा दाखवा. पुण्या-मुंबईतून सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपात गेलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत परत येतात, संस्थांच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळतात आणि स्वतःच्या एखाद्या ओळीसाठी तासन्‌तास बसून राहतात. पान फाटलेलं असतं, नाहीतर शाई उडालेली. या मुलीचं पान शाबूत आहे. ते लपवण्याचा हक्क आपल्याला नाही. या मुद्द्यावर आमची दोनदा खडाखडी झाली. तिसऱ्या भेटीपर्यंत बायकोने कात्रण आम्लविरहित प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेलं होतं. नवरा काही बोलला नाही.

अकरा वाक्यं

आता त्या वाक्याकडे येते. मराठी मूल, मराठी घर.

मी त्यांना एक काम दिलं. आठवडाभर रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात मराठी वाक्यं किती बोलली जातात ती मोजायची. नवऱ्याने फ्रिजवर कागद चिकटवला आणि रेघा मारल्या. पहिल्या रात्री अकरा. त्यांतली सात ‘जेवायला ये’, ‘अजून वाढू?’, ‘पुरे का?’ या जातीची. चौथ्या रात्री सहा. त्या घरात गणपती बसतो, दिवाळीला चकली होते, आजीशी फोनवर मराठी चालतं. रोजचं भांडण, लाड, थट्टा मात्र इंग्रजीत. मुलाला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

आणि येणार होती ती मुलगी म्हणते, “मला भ्या वाटायलंय.”

‘कारा’चं ना-हरकत प्रमाणपत्र २०२४ च्या जानेवारीत आलं, त्यानंतर संस्थेने आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल करू दिला. दुसऱ्याच कॉलला ती हे म्हणाली. बाहेर फटाके वाजत होते. पलीकडून बाबांनी अगदी प्रेमाने सांगितलं, “‘भीती वाटते’ म्हण बरं.” त्यानंतर तो कॉल संपेपर्यंत, म्हणजे अठरा मिनिटं, ती एक शब्द बोलली नाही. मावशींच्या पदराशी चाळा करत राहिली.

मी त्या दिवशी जरा कठोर बोलले. नाकातून येणाऱ्या आवाजामुळे शाळेत जिला ‘परत बोल, परत बोल’ ऐकावं लागतं, तिने अनोळखी माणसाला आपली भीती सांगितली. त्याने तिचं व्याकरण सुधारलं. ‘भ्या’ हाच तिचा शब्द आहे. ज्या शब्दात भीती वाटते त्याच शब्दात ती कुशीत घ्यायची असते. वर्षभर तिचा एकही शब्द दुरुस्त करायचा नाही, ‘पाऊस पडायलाय’ म्हणाली तर ‘हो, पडायलाय’ म्हणायचं, असं ठरलं. नवऱ्याला ते लागलं, पण पटलंही. पुढच्या कॉलला फोन लागताच तो आधी म्हणाला, “मला बी लई भ्या वाटतं, विमानाचं.” मराठवाड्याचं नव्हतं ते, कुठल्यातरी नाटकातलं होतं. मुलगी हसली.

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण आहे. दत्तक गेलेल्या मुलांची पहिली भाषा, ती घरात कुणी बोललं नाही तर, बघता बघता विरून जाते. कोरियातून पश्चिमेकडे गेलेल्या मुलांचं असं झालं आहे. या मुलीची भाषा टिकवणं तिच्या नव्या घराला खरोखर शक्य होतं, आणि हे भाग्य परदेशी जाणाऱ्या फार थोड्या मुलांना लाभतं. त्यासाठी आधी घराला आपलं मराठी शोधून काढावं लागणार होतं.

मग संध्याकाळी सात ते आठ मराठी, असा नियम केला. इथे माझी एक चूक उघडी पडली. पहिल्या चार भेटींत मी मुलाशी एकट्याशी बोललेच नव्हते. आई-बाबांच्या शेजारी बसून तो ‘या, आय ॲम एक्सायटेड’ म्हणायचा आणि मी ते खरं धरलं. पाचव्या भेटीत त्याला एकट्याला बसवलं तेव्हा त्याने विचारलं, बारा वर्षांत माझ्यासाठी कुणी मराठीचा तास केला नाही, आता तिच्यासाठी का? आईला हा प्रश्न सांगितला. तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिने उत्तर बनवलंही नाही. त्या रात्री ती त्याला म्हणाली, “तुझ्यासाठी करायला हवं होतं. राहून गेलं.” मुलगा सात ते आठच्या त्या तासाला त्यानंतर हजर राहू लागला. बोलायचा कमी, पण असायचा.

नाव

नाव बदलायचं त्यांनी पहिल्यापासून धरलं होतं. ‘क’ने सुरू होणारं, दोन अक्षरांचं, इंग्रजीत लिहायला सोपं असं एक नाव ठरलंही होतं. कारण साधं. मुलीच्या आताच्या नावात ‘ण’ आहे आणि अमेरिकेत तो कुणाच्या जिभेवर बसत नाही. शाळेत रोज नावाचे हाल नकोत. हेतू चांगलाच होता. दत्तक आदेशात आणि त्यावरून निघणाऱ्या जन्मदाखल्यात नवं नाव येतं, म्हणून निर्णय आदेशाच्या अर्जाआधी हवा होता.

मी कुणाला नाव बदलू नका असं सरसकट सांगत नाही. तान्ह्या बाळाचं बदललं तर गोष्ट वेगळी. सहा वर्षांच्या मुलीकडे मात्र स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू असते. संस्थेत कपडे सामाईक, खेळणी सामाईक, वाढदिवससुद्धा महिन्यातून एकदा सगळ्यांचा मिळून. नाव तेवढं एकटीचं. हे मी सांगून झालं होतं, आणि ‘मधलं नाव म्हणून ठेवू’ इथपर्यंत गाडी आली होती.

तिथून पुढे ती दोन माणसांनी नेली. पहिली, तिकडची वाचा-उपचारतज्ज्ञ. कॉलचं ध्वनिमुद्रण ऐकून तिने समजावलं की क, ट, प, च म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. या मुलीची हवा टाळूतून नाकात निसटते, म्हणून तिचा ‘क’ घशातच अडकतो. म, न, ण यांत हवा नाकातूनच जायची असते, त्यामुळे ते तिचे अगदी स्वच्छ येतात. हे ऐकल्यावर बायकोने मुलीचं नाव कागदावर लिहून एकेक अक्षर तपासलं. त्यात एकही अक्षर असं नव्हतं की जे तिला म्हणता येत नाही. आणि त्यांनी ठरवलेलं नाव ‘क’ने सुरू होत होतं. ती मुलगी स्वतःचं नाव सांगताना पहिल्याच अक्षराला अडखळली असती.

दुसरी, सांगलीची आजी. ७१ वर्षांच्या या बाईंनी सुरुवातीला ‘कुणाचं, कुठलं’ हा प्रश्न केला होता आणि मी त्यांना त्याबद्दल नावं ठेवत नाही. त्या पिढीला हा प्रश्न पडतो, आणि तो तोंडावर विचारणारं माणूस मनात ठेवणाऱ्यापेक्षा परवडतं. मुलगी आल्यावर साठ माणसं बोलावून बारसं करायचा घाट मिनियापोलिसच्या मित्रमंडळींनी घातला होता. आजींना विचारलं, मुहूर्त काढता का. त्या म्हणाल्या, “सहा वर्षांच्या पोरीचं बारसं कसलं? तिला नाव आहे की.”

नाव राहिलं. बारसं रद्द झालं. पहिले तीन महिने घरी पाहुणे नाहीत, तिला भरवणं-न्हाऊ घालणं-झोपवणं फक्त आई-बाबांनी करायचं, हेही त्याच ओघात मान्य झालं. एरवी ते मान्य करवून घेताना माझी दमछाक होते. मराठी माणसाला दारात आलेल्याला ‘नंतर या’ म्हणणं जमत नाही.

पण नावाचं खरं घोडं मुलाच्या जिभेपाशी अडलं होतं. अमेरिकेत वाढलेल्या मुलांसारखाच त्याचा ‘ण’ म्हणजे ‘न’. एका कॉलला त्याने तिला हाक मारली. ती गप्प. त्याने पुन्हा मारली. ती फोनच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसतं तोंड दिसू लागलं. म्हणाली, “न नाही. ण.” आणि जीभ उलटी वळवून, टाळूला लावून दाखवली. तीच टाळू, शिवलेली. मुलाने केलं, चुकलं. तिने परत दाखवलं. पाच-सहा वेळा हे चाललं. मागून मावशी हसत होत्या. ज्या मुलीचं बोलणं आजवर दुसऱ्यांनी सुधारलं ती कुणाचं तरी बोलणं सुधारत होती, आणि शिकणारा तिच्या दुप्पट वयाचा होता. कॉल संपल्यावर तो आईला म्हणाला, ते सात ते आठ आपण साडेसातपासून करू, तिची झोपून उठायची वेळ बघून.

पुण्य, फोटो आणि पंखा

काही गोष्टी भराभर सांगते. नवऱ्याने तिचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. दत्तक आदेश व्हायचा होता आणि अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. फोटो काढायला लावला, तोवर तो तीन शहरांत फिरून आला होता.

त्या फोटोखाली जमलेल्या प्रतिक्रियांत ‘पुण्याचं काम केलंत’ ही ओळ नऊदा होती. हा शब्द घरातून हद्दपार करायचा, असं मी सांगते. मूल पुण्य म्हणून आणलं की त्याच्यावर ऋण चढतं. नवऱ्याच्या कचेरीत कोरियातून दत्तक आलेला एक सहकारी आहे. मिनेसोटात अशी माणसं पुष्कळ. त्याने जेवणाच्या सुट्टीत याला सांगितलं, “लहानपणी सगळे मला नशीबवान म्हणायचे. मग रडायचं कुणाजवळ?” माझ्या चौदा महिन्यांच्या बोलण्यापेक्षा ते एक वाक्य नवऱ्याला जास्त लागलं असावं.

नागरिकत्वाचे कागद वेळच्या वेळी बघा, हे मी जीव तोडून सांगते. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका स्त्रीला, नागरिकत्वाचे सोपस्कार कुणी पुरे केले नाहीत म्हणून, एका गुन्ह्यातल्या शिक्षेनंतर २००८ मध्ये मुंबईला परत पाठवलं गेलं. इथे तिचं कुणीच नव्हतं. २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने आता हेग करारानुसार भारतात पूर्ण दत्तक झालेलं मूल अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होतं. तरी प्रमाणपत्र हाती येऊन त्यावरचं नाव ‘ण’च्या जागी काय लिहिलंय ते तपासेपर्यंत मी फाइल मिटत नाही.

आणि ती जांभळी खोली. सहा वर्षं ती मुलगी वीस जणींबरोबर एका हॉलमध्ये झोपली होती. तिने रात्री अंधार पाहिला नव्हता आणि शांतताही ऐकली नव्हती. मी विचारलं, हॉलमध्ये रात्री आवाज कसला असतो? मावशी म्हणाल्या, पंख्याचा, एका पंख्याची कटकट आहे. मिनियापोलिसच्या घरात पंखाच नाही. त्यांनी टेबल-पंखा आणला आणि आई-बाबांच्या खोलीत, जमिनीवर घातलेल्या गादीच्या पायथ्याशी, भिंतीकडे तोंड करून ठेवला. वारा नको, आवाज पाहिजे. बायकोने मावशींना साबणाचा आणि डोक्याला लावायच्या तेलाचा प्रकार विचारून घेतला आणि तिची पांघरायची गोधडी, न धुता, बरोबर द्यायची विनंती केली.

एप्रिल

आदेश आणि पासपोर्टच्या सुमारास, २०२४ च्या एप्रिलमध्ये, तिघं आले. मी त्यांना सांगितलं होतं की पहिल्या दिवशी घेऊन जायची घाई करू नका. नऊ दिवस ते रोज संस्थेत गेले. पहिले तीन दिवस नुसते बसले. चौथ्या दिवशी बायको मावशींबरोबर पोळ्या लाटायला बसली. तिला एका प्रश्नाची भीती होती. संस्थेत मुली रात्रपाळीच्या मावशींना ‘आई’ म्हणत, आणि बाळ असताना नाव ठेवलं तेही त्यांनीच. म्हणजे तो शब्द आधीच कुणाचा तरी होता. हा शब्द मागायचा नाही, एवढंच आमचं ठरलेलं होतं.

निघायच्या दिवशी मावशींनी स्वतः मुलीचा हात बायकोच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “जा. मी फोन करीन.” निरोप असा हवा. मुलाला झोपेत उचलून नेण्याचे, ‘फिरायला जायचंय’ म्हणून गाडीत बसवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, आणि ती मुलं पुढे किती वर्षं दार लागलं की दचकतात हेही.

अमेरिकेचा दत्तक-व्हिसा दिल्लीच्या दूतावासातच मिळतो, म्हणून तिकडून निघाले. पहिल्या रात्री ती चार पोळ्या जेवली आणि पाचवी उशीच्या अभ्र्यात लपवली. याची कल्पना दिलेली होती. दुसऱ्या दिवसापासून गादीशेजारी झाकलेली ताटली कायम राहिली. पंख्याने काम केलं. ‘भ्या’ घरात रुजला, आता मुलगाही परीक्षेच्या आधी म्हणतो. बायकोला ती पाच महिने ‘दादाची आई’ म्हणत होती. हाक मारताना सगळं म्हणायची, “ए दादाची आई, पाणी दे.” कानांत नळ्या बसवल्या, टाळूचं छिद्र बंद केलं, आणि आठ-नऊ वर्षांची झाली की हिरडीत हाड भरायची शस्त्रक्रिया व्हायची आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी ‘कारा’कडे अहवाल जातो.

जांभळ्या खोलीत दिवसा दोघं खेळतात. झोपायला अजून कुणी नाही.

ऑक्टोबरमध्ये बायकोने फोन केला. मुलीने जीवनपुस्तिका स्वतःहून काढली होती. संस्थेचं फाटक, मावशी, जेवणाचा हॉल अशी पानं उलटत ती कात्रणापाशी थांबली. तिने एक बोट फोटोतल्या ओठावर ठेवलं, दुसरं आपल्या ओठावर.

“दुखलं असंल का हिला?”

बाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, “दुखलं असंल.”

तिने थोडा वेळ बघितलं आणि पान उलटलं.